मागच्या चाकाचा दगड

आमच्या पिकअपला दोन हँडब्रेक आहेत. एक कंपनीने दिलेला आणि दुसरी मी. पहिला ड्रायव्हरच्या हाताशी असतो. ओल्या चढावर, भरल्या गाडीला, त्याच्यावर फार विसंबून राहू नये. दुसरी गाडीच्या मागे असते, हातात दगड घेऊन. तिचं काय, हे गेल्या वर्षापर्यंत कुणी विचारलंच नव्हतं.

मोरा बंदरावर धक्क्याच्या बाजूला होड्या ओढायचा सिमेंटचा उतार आहे. सकाळी होड्या लागल्या की नवरा पिकअप उलटी उतरवत पाण्याच्या कडेला नेतो. कोलंबी, बोंबील, मांदेली, जे काय आलं असेल त्याचे टब भरायचे, वर बर्फ टाकायचा, गाडी चढवायची आणि ऊन तापायच्या आत नेरूळ-वाशीच्या बाजारात पोचायचं. चढताना मी मागच्या चाकाच्या बाजूने चालते. गाडी अडली की चाकामागे दगड लावायचा, निघाली की उचलायचा, पुन्हा चालायचं. लग्न होऊन मी आले तेव्हा घरात टेम्पो होता आणि त्याच्या मागे सासू असायची. इतर सासवा सुनेच्या हातात किल्ल्या देतात म्हणे. माझ्या सासूने दगड दिला. काळा, चपटा, एका बाजूने पाचरीसारखा उतरता. दोन्ही हातांनी धरावा लागतो.

वीस-बावीस वर्षं तो दगड म्हणजे नुसता देवाला दाखवायचा नैवेद्य होता. लावायची वेळ क्वचित यायची. गाडी एका दमात वर जायची आणि मी आपली मागून दगड मिरवत. मग पोरीने टायर घेतले.

पोरगी ऐरोलीला ऑफिसात कामाला आहे, मैत्रिणींबरोबर तिकडेच राहते, रविवारी घरी येते. एका रविवारी बापाला म्हणाली, "पप्पा, चावी द्या," आणि दुपारी गाडी परत आली ती नव्या टायरांवर. दुकानदाराने भरीला घातलं म्हणून डिस्कसकट, म्हणजे मधल्या लोखंडी चकतीसकट, एक नंबर मोठे. गाडी उंच झाली, छाती काढून उभी. "आता कशी हायवेची वाटते!" पोरगी म्हणाली. नवऱ्याने गाडीभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या, फोटो काढले, मोबाइलवर स्टेटस ठेवलं आणि मग घरात येऊन पंख्याखाली डोळे पुसत बसला. "घाम," म्हणाला. मला काय कळत नाही का?

दुसऱ्या दिवशी गाडी उताराच्या मध्यावर येऊन बंद पडली. "इंजिन थंड हाय," नवरा म्हणाला. तिसऱ्या दिवशी डिझेल खराब निघालं. आठवड्याने क्लच जळल्याचा वास यायला लागला, तेव्हा सगळा दोष बर्फवाल्याचा. त्याने म्हणे बर्फ जास्त टाकला. टायरचं नाव कुणी घेतलं नाही. मीही नाही. आंधळ्यालाही दिसलं असतं, पण आपल्या पोरीने हौसेने आणलेल्या वस्तूला नाव कोण ठेवणार? आपलेच दात, आपलेच ओठ. मी आपली रोज दोनदा-तीनदा दगड लावत राहिले.

ती अमावस्येची सकाळ होती. अमावस्या-पौर्णिमेला आमच्याकडे सकाळची ओहोटी पार खाली जाते. म्हणजे उतार लांब होतो, आणि एरवी पाण्याखाली असलेला तुकडा उघडा पडतो तो शेवाळाने गुळगुळीत. गाडी दोनदा अडली, दोनदा मी दगड लावला. तिसऱ्यांदा वाकले आणि पाय सटकला. दगड तिरका पडला, चाक त्याच्या कडेवर चढलं आणि तो साबणाच्या वडीसारखा निसटला, माझ्या गुडघ्याला घासून खाली पाण्यात गेला. गाडी हातभर मागे आली. मी गुडघ्यांवर होते आणि ते मोठं काळं टायर माझ्या तोंडासमोर येऊन थांबलं. त्याचा नव्या रबराचा वास अजून गेला नव्हता. नवऱ्याचा पाय वेळेत ब्रेकवर पडला, एवढंच. त्याला मी दिसत नव्हते. वाकलेलं माणूस आरशात दिसत नाही.

"लावला काय?" तो आतून ओरडला.

"लावला!" मी म्हणाले. हाताशी आला तो दुसरा दगड सरकवला. गाडी चढली. मी पाण्यात उतरून सासूचा दगड शोधला, साडीचा चिखल धुतला, गुडघ्यातून रक्त येत होतं त्यावर पदराचं टोक दाबलं आणि वर जाऊन नवऱ्याच्या शेजारी बसले. नेरूळ येईपर्यंत मी खिडकीबाहेरच बघत बसले. त्याला वाटलं, मी रुसले.

का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर त्याने त्याच दिवशी टायर काढले असते. रविवारी पोरीने विचारलं असतं, पप्पा, टायर कुठे गेले? तिला काय सांगायचं, तुझ्या टायरखाली आई जात होती? कुणाची जीभ रेटेल? म्हणून गप्प बसले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

उरणच्या रस्त्यावर आमचा मेकॅनिक आहे, मूळचा साताऱ्याकडचा, केस पांढरे झालेला. क्लचचा वास वाढला तसा नवरा गाडी घेऊन त्याच्याकडे गेला, मीही बरोबर होते. त्याने गाडीखाली डोकं घालायच्या आधी टायरकडे बघितलं.

"हे कवा टाकलं?"

"दोन महिने झाले," नवरा म्हणाला. "पोरीनं दिले."

'पोरीनं' ऐकल्यावर तो जपून बोलू लागला. टायर मोठं झालं की चाकाची एक फेरी लांब होते, ती फिरवायला इंजिनाला जोर जास्त लागतो. उपाय दोन. एक, टायर पहिल्या मापाचे करायचे. दुसरा, मागच्या अ‍ॅक्सलच्या मधोमध जो गोळा असतो त्यात दोन गिअर असतात, मोठा क्राऊन आणि छोटा पिनियन. त्यांचा जोडच बदलायचा. "आत्ता पिनियन चारदा फिरतं तवा चाक एकदा फिरतं," तो बोटं फिरवून दाखवत म्हणाला. "पाचदा फिरंल असा जोड टाकला की ताकद वाढंल. पण पळ कमी व्हईल, आन् इंजिन वरडंल."

पहिला उपाय नवऱ्याच्या एका कानातून गेला आणि दुसऱ्यातून बाहेर पडला. दुसरा मात्र त्याच्या डोक्यात घर करून बसला.

पुढचा महिनाभर आमच्या घरात दुसरा विषय नाही. "क्राऊन बदलू का नको?" जेवताना तेच, आंघोळीच्या दारातून तेच. ताकद हवी, हे खरं. पण पळ कमी झाला तर बंदराच्या रस्त्यावर कंटेनरच्या ट्रेलरांमागे रांगत बसायचं? मासा काय आपली वाट बघत थांबतो? आणि तो गोळा एकदा उघडला आणि बसवताना सुताचा फरक राहिला, की जन्मभर हुं-हुं करत राहतो म्हणे. त्याने बर्फवाल्याला विचारलं, टेम्पोवाल्यांना विचारलं, धक्क्यावर जाळी विणत बसलेल्या म्हाताऱ्यालाही विचारलं. त्या म्हाताऱ्याने उभ्या जन्मात सायकलसुद्धा चालवली नव्हती, तरी मत दिलं. मला सोडून सगळ्या मोऱ्याला विचारून झालं.

मी भाकऱ्या थापत ऐकायची आणि मनात म्हणायची, अरे बाबा, काय ते एकदाचं कर. लोक पंचांगात मुहूर्त बघतात, मी ओहोटी बघायची. दशमी उजाडली की मी बोटांवर मोजायला लागायची, आता पाच दिवस राहिले, आता चार. सरळ सांगते, मी घाबरले होते. कालवणात दोनदा मीठ पडायचं, आणि कुणी काही बोललं की मी अंगावर धावून जायची. "हिला काय झालंय?" नवरा विचारायचा, पण मला नाही, भिंतीला.

शेवटी मेकॅनिकच कंटाळला. "दादा, गोळा खोलायच्या आधी मला तुमचा चढ बघू द्या," तो म्हणाला. "भरल्या गाडीनं. मी सोता चालवतो."

तो आला नेमका पौर्णिमेला. सकाळची वेळ, पाणी पार खाली गेलेलं, उतार नळीसारखा लांब. टब भरले, बर्फ पडला. मेकॅनिक स्टेअरिंगवर बसला आणि नवरा त्याच्या शेजारी चढायला लागला, आवाज ऐकायला. मी दगड उचलला, मागे निघाले, आणि शेवाळाच्या पट्ट्यापाशी माझे पाय थांबले. पुढे जाईचनात. देवाशप्पथ, मी त्यांना चला म्हणत होते.

"काय झालं गं?" नवऱ्याने विचारलं.

"आज तुमी लावा दगड."

"मी? मना आवाज ऐकायचा हाय."

"मागून पन येतो आवाज."

तो हसला. खाली उतरला आणि दगड घ्यायला एकच हात पुढे केला. हात खाली गेला तसा घाईने दुसरा लावला.

गाडी पहिल्यांदा अडली तेव्हा त्याने दगड लावून माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, बघ, एवढंच तर आहे. दुसऱ्यांदा अडली ती शेवाळावर. इंजिन बंद पडलं, गाडी मागे सरकली, आणि तो वाकला. इतकी वर्षं मी हे केलं होतं, पण बाहेरून कधी बघितलं नव्हतं. माणसाचं डोकं टायरच्याही खाली, आणि वरून माशाबर्फाने भरलेली अख्खी गाडी त्याच्यावर येतेय. मी पदर तोंडात कोंबला. दगड बसला, गाडी थांबली. तो उठला नाही. तसाच उकिडवा बसून टायरकडे बघत राहिला.

"लावला का?" मेकॅनिक आतून ओरडला.

मीच ओरडले, "लावला!"

गाडी वर गेल्यावर तो माझ्याजवळ आला. तोंड पांढरं पडलेलं. "रोज असं?"

"टायर आल्यापासून."

मग मी साडी वर करून गुडघ्याचा वण दाखवला आणि अमावस्येचं सगळं सांगून टाकलं. तो आधी भडकला. "मेली असतीस ना! तोंड नव्हतं काय तुला?" मीही काही कमी नाही. "महिनाभर क्राऊन-पिनियन चाललंय तुमचं! साऱ्या बंदराला विचारलंत, मना विचारलंत कधी? मागं कोन असतं गाडीच्या?" धक्क्यावरच्या बायका टोपल्या सोडून बघायला लागल्या. बघू दे. मला रडू आलं होतं आणि त्यालाही आलं होतं, आणि या वेळी त्याने घाम म्हटलं नाही.

मेकॅनिक खाली उतरून मान खाली घालून उभा होता. "वैनी, माझंबी चुकलं," तो म्हणाला. "रोग म्हशीला आन् इंजेक्शन पखालीला चाललंय हे. टायर काढा, एवढंच काम हाय. पयल्या दिवशीच ठासून सांगनार हुतो, पण पोरीचं नाव निघालं."

तिघांनाही पहिल्यापासून माहीत होतं. महिनाभर आम्ही गिअरवर बोलत होतो ते फक्त पोरीशी बोलायला नको म्हणून.

नवऱ्याने तिथूनच पोरीला फोन लावला, "हॅलो" म्हणाला आणि मोबाइल माझ्या हातात कोंबला. मी जेवढं कमी सांगता येईल तेवढं सांगितलं.

"एक मिनिट," ती म्हणाली. "आई, तू गाडीच्या मागे कशाला असतेस? तू तर पप्पांच्या बाजूला बसतेस ना?"

खरंच की. लहानपणापासून तिने आम्हाला घरून निघताना बघितलं होतं आणि घरी येताना, दोघं शेजारी शेजारी. मधला उतार तिने कधी बघितलाच नव्हता. मी तो तिला सांगितला, दगडासकट.

"काढा ते टायर," ती म्हणाली. "आजच. मला परत दिसायला नकोत."

टायर पहिल्या मापाचे झाले. मेकॅनिकने लांब दांड्याची लाकडी पाचर करून दिली, म्हणजे दगड लावायला वाकायला नको. पुढच्या अमावस्येला पोरगी रजा टाकून पहाटेच हजर. मी टब मोजत होते तेवढ्यात तिने पाचर सोडून नेमका दगडच उचलला आणि जाऊन चाकामागे उभी राहिली. नवऱ्याने गाडी चालू केली होती.

"तिथून बाजूला हो!" मी अशी किंचाळले की होडीवरची माणसं उभी राहिली. नवऱ्याने करकचून ब्रेक मारला.

"तू उभी राहायचीस ना?" ती म्हणाली.

मी टब सोडून धावले. दंड धरून तिला कडेला ओढलं आणि धरून ठेवलं. मागे कुणीही नसताना गाडी एका दमात वर गेली.

नेरूळला जाताना ती आमच्या दोघांच्या मध्ये बसली. दगड तिने खाली ठेवलाच नाही, ऑफिसच्या चांगल्या ड्रेसवर मांडीवर घेऊन बसली होती. ड्रेसवर ओला काळा डाग पसरत होता.

"आई, किती जड आहे गं हा," ती म्हणाली.

"सवय होते," मी म्हणाले.

नवरा समोर रस्त्याकडे बघत होता. "नाय होत," तो म्हणाला. "मी उचललाय."