खुंटीवरचे दावे

माझ्या नोकरीतले काही खून आठवायला मला जुनी डायरी काढावी लागते. म्हैसचोरीची ती फिर्याद मात्र अजून लख्ख आठवते.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका पोलीस ठाण्यात मी फौजदार होतो. रस्त्याच्या एका अंगाला नवे शहर उभे राहत होते, दुसऱ्या अंगाला डोंगर आणि रान. तळवलीच्या वर, पायथ्याशी एक पाडा होता. तिथली घरे म्हशींवर जगत. दूध वाशीच्या नव्या इमारतींत जाई.

पाड्यातली एक विधवा सकाळीच ठाण्यात आली. तिची एकुलती दुभती म्हैस गोठ्यातून गेली होती. घर त्याच दुधावर चाले. सोबतच्या दिराने संशयितही आणला होता: डोंगरावरचा म्हातारा ठाकर, पाड्याची गुरे रोज रानात नेणारा गुराखी.

"सायेब, रानातल्या वाटा यालाच म्हाईत," दीर म्हणाला. बाईनेही मान डोलावून त्याचेच नाव घेतले.

त्याच दिवशी कसल्याशा कोनशिलेसाठी मंत्री यायचे होते. कोनशिला कोणी पळवू नये म्हणून असेल, अर्धे ठाणे बंदोबस्तावर होते. मी हवालदारांसह गोठ्यावर जाऊन घाईत पंचनामा उरकला आणि म्हाताऱ्याला चौकशीला बसवले. दोन तास तो एकच सांगत होता, "मी नाय नेली." शेवटी, निदान कागदाला तरी घाबरेल म्हणून मी पंचनामा वाचू लागलो. "गोठ्याची कडी शाबूत. म्हशीचे दावे खुंटीवर गुंडाळून ठेवलेले..."

म्हातारा हसला. "सायेब, तुमी कदी म्हस इकली नाय वाटतं."

"नाही."

"चोर दाव्यासकट वढून नेतो. दावं खुंटीला लावतो तो इकनारा. जनावर द्यावं, दावं देऊ नये. गोठ्याची लक्ष्मी जाते."

मी हवालदारांकडे पाहिले. ते घरचे शेतकरी. "खरंय साहेब. घेणारा आपलं दावं आणतो."

"मग सकाळी का नाही बोललात?"

"तुम्ही लिहीत होतात."

म्हणजे म्हैस घरच्याच माणसाने विकली होती, आणि संशयित आणला होता दिराने. बाहेर थांबलेल्या दिराला मी एवढेच विचारले, "दावं का ठेवलंस?"

तो म्हणाला, "वैनीच्या गोठ्याचं वाईट नको व्हायला." म्हैस त्याने एका तबेलेवाल्याला विकली होती. "इथं बिल्डिंगा येनार सायेब. वैनी म्हशी कुठं ठेवनार? तिच्या भल्याचंच केलं." तिच्या भल्यासाठी त्याने स्वतःला मोटारसायकल बुक केली होती.

त्याला अटक झाली. म्हातारा त्याच दुपारी सुटला. मी त्याची माफी मागितली. खात्यात तशी पद्धत नव्हती.

तेव्हापासून पंचनामा केला की त्या धंद्यातल्या माणसाला तो एकदा मोठ्याने वाचून दाखवायचा, ही सवय मी निवृत्तीपर्यंत पाळली. डोळ्यांना दिसलेले सगळे मी लिहीत असे. त्यातले कळलेले किती, हे दुसराच सांगे.

कोर्टाच्या हुकमाने म्हैस बाईच्या ताब्यात दिली, तेव्हा ती म्हाताऱ्यालाच घेऊन आली होती. ती त्याच्याकडे वळली. म्हणाली, "बाबा, मी पन तुझंच नाव घेतलं."

म्हाताऱ्याने म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. "उद्या लवकर सोड हिला. वरच्या पानवठ्याला चारा चांगला हाय."