सहावा हात

ही गोष्ट आमच्या ओळखीतल्या बहुतेकांनी ऐकलेली आहे. मीच तर सांगत आलोय — कुणाच्या लग्नात, कुठल्या प्रदर्शनात, जेवता जेवता. लोक हळहळतात, आणि मग जरा हसतातही, कारण गोष्टच तशी आहे: दोन मराठी माणसं चेन्नईत एकत्र काम करतात आणि एकमेकांची मराठी त्यांना समजत नाही. पण खरं काय झालं ते मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही. तुळजापाशी तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही तिला ओळखत नाही, म्हणून असेल.

तुळजा माझी भागीदार. तंजावरकडच्या मराठी घरातली — म्हणजे कित्येक पिढ्या घरात मराठीच, पण तमिळमध्ये मुरलेली. मी नाशिकचा. दागिन्यांच्या डिझाइनच्या नोकरीसाठी इथे आलो, टी. नगरातल्या एका पेढीत, तिथे ती भेटली. पहिल्या दिवसापासून मला अण्णा म्हणायची. पुढे दोघांनी नोकरी सोडली आणि तिरुवल्लिकेणीत एका मॅन्शनच्या — इथे भाड्याच्या खोल्यांच्या इमारतीला मॅन्शन म्हणतात — तळमजल्यावर स्वतःची कार्यशाळा थाटली. वरच्या खोल्यांमधून सगळी सडीफटिंग मंडळी. काम मीनाकारीचं. मी तांबं ठोकून आकार द्यायचा, तिने त्यावर काचेची ओली पूड पिसाच्या टोकाने भरायची, आणि मग मी ते भट्टीत घालून काच वितळवायची. एक थर भाजला की एक हात झाला. मग दुसरा हात, तिसरा. हा रंगाऱ्यांचा शब्द मीच तिला शिकवला होता, आणि तिला तो भारी आवडला होता.

आता माझ्या रागाबद्दल सांगतो — ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मी तापट आहे. कार्यशाळेच्या भिंतीला हातोड्याचे खड्डे आहेत, ते मी फेकलेल्या हातोड्यांचे. एकदा पक्कड फेकली ती कुरियरवाल्याच्या कानाजवळून गेली. तिचं स्टूल मी लाथेने मोडलंय, ती त्यावर बसलेली नसताना. नवीन कुणी आलं की तुळजा त्याला समजावायची: घाबरू नका, अण्णा गरजतात, पडत नाहीत. गरजेल तो पडेल काय — ही म्हणही मीच तिला दिलेली. सगळ्यांचा त्यावर विश्वास होता. माझाही होता.

मूळचे आम्ही तांबट. आजोबा हंडे-घागरी ठोकायचे. शाळेत पोरं मला 'भांडी' म्हणायची — ए भांडी, कल्हई करून दे रे! एकाचं डोकं मी पाटीच्या कोपऱ्याने फोडलं होतं, रक्त त्याच्या शर्टाच्या खिशापर्यंत आलं होतं, आणि मला त्याची जराही लाज वाटली नव्हती. पुढे शिकलो, डिझाइनर झालो. कशासाठी? त्या एका शब्दापासून लांब पळायला, दुसरं काय.

त्या वेळी आम्ही एक मोठं तांब्याचं पात्र करत होतो. परातीएवढं, खोलगट, दोन हातांनी उचलावं लागेल असं. ते ठोकता ठोकता माझे खांदे भरून आले होते, पण काठ असा उतरला होता की मी येता-जाता त्यावरून बोट फिरवायचो. आत तुळजाने समुद्र भरला होता. मरीना किनाऱ्यावरचा नाही, पोस्टकार्डावरचाही नाही. सकाळी मासे उतरवून झाल्यावरचा गढूळ हिरवा, खाली कुठेतरी निळा. पाच हात झाले होते. सहावा शेवटचा.

त्या दिवशी दुपारी एका कलादालनाच्या बाई बघायला आल्या. बराच वेळ वाकून बघत होत्या, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या — खोटं नाही सांगत. मग त्यांनी विचारलं, हे भांडं कुठून विकत आणलंत?

तुळजा खळखळून हसली. "अय्यो, अण्णांनीच ठोकलंय ते!" बाईंनी माझ्याकडे बघून मान डोलावली, आणि पुढचं सगळं तुळजाशीच बोलल्या. स्वतंत्र प्रदर्शन, फक्त तिचं. त्या गेल्यावर तुळजा मला म्हणाली, तुम्ही नको म्हणालात तर मी नाही जाणार, अण्णा. मी म्हणालो, वेडी आहेस का? जा की! आणि हसलो. ती इतकी खूश होती की तोंडाला येईल ते बोलत होती. "चला भांडीवाले अण्णा," ती म्हणाली, "लावा भट्टी."

तिला शाळेतलं काही माहीत नव्हतं. मी कधी सांगितलंच नव्हतं. मग तिचा दोष काय?

त्या दिवशी मी काही फेकलं नाही. ओरडलो नाही. सहावा हात भट्टीत घातला, वेळ झाल्यावर चिमट्याने पात्र बाहेर काढलं आणि लोखंडी जाळीवर ठेवलं. तुम्ही मीना भट्टीतून निघताना पाहिलाय का? आधी सगळं लालभडक असतं, मग रंग हळूहळू परत येतात — आणि रंग आले की वाटतं, झालं, निवलं. निवलेलं नसतं. जाड तांबं आतून धगधगत असतं आणि वरून अगदी शहाण्यासारखं दिसतं. म्हणून आमचा एकच नियम होता: भट्टीतून ज्याने काढलं त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. तुळजानेच केलेला नियम.

तिने विचारलं. पंख्याचा आणि भट्टीचा घोंगाट चालू होता, ती पलीकडून मोठ्याने म्हणाली, "आरलं का, अण्णा?"

आता सगळी गोष्ट या एका शब्दावर उभी आहे. तमिळमध्ये आरु म्हणजे सहा. आणि निवणं, गार होणं — त्यालाही तिकडे आरुच म्हणतात. तुळजाच्या घरात त्याचं मराठी क्रियापद झालंय: आरलं. मी सगळ्यांना असं सांगत आलो की मला वाटलं, ती विचारतेय, आरु झालं का — सहावा हात झाला का? तो झाला होता. म्हणून मी हो म्हटलं. किती साधी चूक! आमच्यासारख्यांच्याच हातून व्हावी अशी.

तो शब्द मला येत होता. रोज येत होता. कामाच्या नादात माझी कॉफी राहून जायची आणि ती रोज ओरडायची, अण्णा, कापी आरली. आरली म्हणजे काय हे मला तोवर न कळायला मी काय दगड होतो? तिने काय विचारलं ते मला स्वच्छ ऐकू आलं आणि स्वच्छ कळलं. आणि मी हो म्हटलं. हळू आवाजात, मान हलवून.

एवढंच नाही. ती मेजाला वळसा घालून आली, हात पुसले, दोन्ही हात पुढे केले. मधे वेळ होता. थांब — एवढा एक शब्द म्हणायला पुरेल इतका होता. मी बघत उभा राहिलो. मला ते व्हायला हवं होतं. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय, आणि लिहिलेलं खोडत नाहीये, हेही खरं.

तिने काठ दोन्ही तळव्यांनी घट्ट धरला आणि उचललं. तव्यावर पाणी पडावं तसा आवाज झाला. वास आला — तो कसा, ते विचारू नका. ती किंचाळली नाही. तिने पात्र टाकलंही नाही! टाकलं असतं तर हात वाचले असते, निदान इतके गेले नसते. पण सहा हातांचं काम होतं, खाली फरशी होती. ती वाकली, ते सरळ धरून पुन्हा जाळीवर अलगद ठेवलं, आणि मग सोडायला गेली तर तळवे सुटेनात. ओढून काढावे लागले. काठाला जे राहिलं ते माझ्या डोळ्यांसमोर काळं पडलं. मग ती ओरडली. अण्णा, अण्णा, असं ओरडत होती.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं. माझं तोंड उघडण्याआधी तिनेच तमिळमध्ये सगळं सांगितलं. आमची मराठी वाकडी, अण्णांची वेगळी, शब्दाचा घोटाळा झाला. ही गोष्ट तिने रचली, मी नाही; मी नुसती उचलली. हात फडक्यांत गुंडाळलेले, ओठ पांढरे, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आरु ऐकलंत ना तुम्ही?" पहिल्या वेळी माझ्या डोक्यात राग तरी होता. या वेळी काय होतं? मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कार्यशाळेत गेलो आणि ते पात्र ऐरणीवर घेऊन घणाने फोडलं. काच उडून भुवईत घुसली, रक्त डोळ्यात आलं, तरी ठोकत राहिलो, तांब्याचा गोळा होईपर्यंत. वरच्या मजल्यावरची मुलं धावत आली, मला धरलं. अण्णा रडत होते, असं त्यांनी जाऊन तुळजाला सांगितलं, आणि ती माझ्यासाठी रडली. मी रडत होतो हे खरं आहे. पण मी ते फोडलं कारण ते सुंदर होतं, आणि ते तिचं होतं.

तिच्या उजव्या हाताची बोटं आत वळली ती वळलीच. पीस धरता येत नाही. प्रदर्शन झालं नाही. आता ती अण्णा नगरातल्या एका दवाखान्यात रिसेप्शनवर असते, दर थोड्या दिवसांनी मला फोन करते. आणि फोनवर माझ्यासारखं बोलते. पुस्तकी, जपून, एकेक शब्द पारखून. घरातला तमिळ शब्द तोंडात आला की तिथेच थांबते. तिची आई हसते म्हणे तिला — आपल्या घरात ही पुणेरी बाई कुठून आली?

परवा बोलता बोलता म्हणाली, ठेवते फोन, जेवण आर— आणि शब्द मधेच तोडला. मग सावकाश म्हणाली, "जेवण गार झालं. बरोबर ना, अण्णा?"

मी हो म्हटलं.