देवकाबाईंच्या नावचं कार्ड

अल्लीपूरच्या देवकाबाईंनी जन्मभर एकच कार्ड जपलं, रेशनचं. म्हणून पोस्टानं बँकेचं पाकीट आलं आणि सून दिपालीनं वाचून दाखवलं, की क्रेडिट कार्डाचे अठ्ठ्याहत्तर हजार थकलेत, तेव्हा बाई आधी हसल्याच. "मेल्याइले दुसरी देवकाबाई भेटली नाई वाटते!"

हसू तीन दिवस टिकलं. बाई बचत गटाच्या अध्यक्ष. दहा बायांनी मिळून डाळ मिलसाठी कर्ज मागितलं होतं आणि वर्ध्याच्या त्याच बँकेनं कळवलं, तुमची अध्यक्षच थकबाकीदार. पुढच्या शुक्रवारपर्यंत खुलासा करा, नाही तर अर्ज रद्द. झालं! जिनं दुसऱ्यांचा हप्ता एक दिवस चुकू दिला नाही, तिच्याच कपाळी डाग. तोंडावर कोणी बोलेना, पण ओट्याओट्यावर कुजबूज सुरू झाली. "कागदपत्रं सुनेपाशीच राह्यते ना तिचे?"

ते बाईंच्या कानात शिरलं आणि तिथंच ठाण मांडून बसलं. शिकलेली सून, मोबाइल सदा हातात.

"खरं सांग, तूच घेतलं ना व?"

"लेकराची आण, आत्याबाई. मी नाई."

तरी आठ दिवस बाईंनी तिच्या हातचा चहा घेतला नाही. मुलगा सचिन मधे पडला, तर त्याला "बायकोचा बैल" म्हणून गप्प केलं. सासूचं मन एकदा वाकडं झालं की देवाच्या बापालाही सरळ करता येत नाही!

शुक्रवारी वर्ध्याला न्यायला मात्र दिपालीच होती. बसमध्ये दोघी शेजारी बसल्या, पण बाईंनी मधे पिशवी ठेवली.

बँकेतल्या गुंजन मॅडम वयानं लहान, बोलायला गोड. "आजी, कार्ड देण्याआधी तुमच्याच नंबरवर फोन केला होता. बाईनंच उत्तरं दिलीत. ऐका."

कॉम्प्युटरमधून दबका, खरखरता आवाज आला. नाव? देवकाबाई. गाव? अल्लीपूर. पतीचं नाव?

"तानबा." फटकन.

"बंद करा थे!" बाई उभ्याच राहिल्या. "ही मी नाई. लग्नाले चाळीस वर्षं झाले, मॅडम, उखाणा सोडला त सचिनच्या बाबाचं नाव माह्या तोंडून निघालं नाई. कुठं सांगाचं पडलं त शेजारीण सांगते. गावात कोणालेबी विचारा!"

मॅडमचं हसू मावळलं. "मग तुमच्या घरात हे नाव घेतं कोण?"

बाई बोलायला गेल्या आणि टाळूला जीभ चिकटली. सून? ती तर सासऱ्याला मामंजींखेरीज हाक मारत नाही. त्या घरात ते नाव असं बिनधास्त घेणारी एकच, लाडाची लेक समीक्षा. "तानबा, जेवाले चाल," म्हणून बापाला चिडवायची आणि बाप खूश व्हायचा. वर्ध्यात पार्लर टाकायचं तिच्या डोक्यात होतं. दिवाळीला आली तेव्हा दोन दिवस आईचा मोबाइल तिच्याच हातात होता, आणि आधार कार्डाची झेरॉक्स आईनंच काढून दिली होती. आता तो दबका आवाजही ओळखू आला. पोटच्या पोरीचा आवाज आईला कळत नाही होय?

बाईंनी सुनेकडे पाहिलं. दिपालीची नजर जमिनीवर.

"तुले ठाव होतं?"

"शंका होती. पण मी तुमच्या पोरीचं नाव घेतलं असतं, त तुमी ऐकलं असतं का जी?"

बाईंचा जीव नुसता जळत होता, लेकीवर आणि त्याहून जास्त स्वतःवर.

मॅडमनं तक्रारीचा कागद पुढे केला. "संशय कोणावर ते लिहा. तक्रार आजच जाईल, प्रकरण तपासात आहे असं गटाच्या कर्जासाठी लेखी देते. पण पोलीस त्या व्यक्तीला बोलावतील, हे आधीच सांगते. लिहिणार नसाल, तर थकबाकी तुमची."

"नका लिवू, आत्याबाई," दिपाली हळूच म्हणाली. "आपण फेडून टाकू थोडं थोडं."

"आपण फेडू. अन् डाळ मिल? त्या बायाइनं कोणाचं काय वाईट केलं व?"

बाईंनी डोळ्याला पदर लावला, कागद सुनेपुढे सरकवला. "तुह्यं अक्षर चांगलं हाये. लिव नाव समीक्षाचं."

दिपालीचा हात उचलेना.

"लिव व पोरी," बाई म्हणाल्या. "तुह्यावर आळ घेतला तवा माही जीभ नोती अडखळली."