निगडीसाठी वाकलेली भिंत

आमच्या शेजारचे चाचा मस्कतहून कायमचे परतले आणि समुद्राच्या पुळणीलगत घर बांधून राहिले. बोलणं मोजकंच. आईच्या गुडघ्यांसाठी मी त्यांच्या दारच्या निगडीचा, म्हणजे निर्गुडीचा, पाला मागितला, तर माझ्या हातातली कोयती काढून घेऊन त्यांनी स्वतःच बेताने चार फांद्या छाटून दिल्या.

यंदा त्यांनी कुंपणाची भिंत घातली. गवंडी म्हणाला, "चाचा, ही निगडी उपटली तर भिंत सरळ येईल."

"वाकडी येऊ दे."

"तुमचीच जागा जाईल."

"जाऊ दे. वाळू तिनंच धरून ठेवलीय."

आणि त्यांनी आखणीची दोरी दोन हात आत घेतली.

मस्कतमधल्या मुलाने व्हिडिओ कॉलवर चिडून विचारलं, "अब्बा, भिंत अशी कशी?" चाचांनी फोन निगडीच्या जांभळ्या फुलांकडे वळवला.

मग मुलगा म्हणाला, "जरा जवळ धरा."