अक्काच्या वरच्या रानाची माती

सकाळी साडेदहाचा सुमार असेल. नांदेडला आमच्या प्रयोगशाळेत मी माती चाळत बसलो होतो, तेवढ्यात हदगावकडून सुनीताचा फोन आला. सुनीता म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, कौसाअक्काची सून. "मामा, आत्याबाई गेल्या हो... रानातच छातीत कळ आली." पुढचं काही कानात शिरलं नाही. हातातली चाळणी मी जपून टेबलावर ठेवली, सांडलेली माती पुसून घेतली आणि मग हदगावची गाडी धरली. या गोष्टीला आता महिना होऊन गेला.

अक्का माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई सतत आजारी, त्यामुळे मला न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत ओढत नेण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. तिचं सासर तसं बेताचं. पण बाबा भेटायला गेले की ताटात गव्हाच्या पोळ्या आणि वर तुपाची धार. बाबा घरी येऊन सगळ्या गल्लीला सांगायचे, पोरगी सुखात पडली. ते पीठ आणि ते तूप शेजारणीकडून मागून आणलेलं असायचं, हे मला फार उशिरा कळलं. माहेरच्या माणसाला सासरचं उणं दिसू द्यायचं नाही, हा तिच्या पिढीच्या बायकांचा नेमच होता. अक्कानं तो जरा जास्तच कडक पाळला.

भाऊजी गेल्यावर शेत तिच्या अंगावर पडलं. तीन एकर वरचं रान, हलकं, मुरमाड, आणि खाली एक छोटा तुकडा. मी तिला म्हटलं, माती पाठव, तपासून देतो. तिनं जुन्या लुगड्याच्या पिशव्या शिवून माती पाठवली. अहवाल पाहून मी उडालोच. सेंद्रिय कर्ब, म्हणजे ज्याच्यावर मातीचा कस ठरतो तो, भरपूर! मी सगळ्या सहकाऱ्यांना कागद दाखवत फिरलो, "बघा, आमच्या अक्काचं रान!" आणि तिला ऐटीत सांगितलं, या रानाला शेणखताची एवढी गरज नाही, दुसरीकडे घाल. तिनं ऐकलं. भाऊ मोठा साहेब ना! खत खालच्या तुकड्यात गेलं आणि तीन वर्षं वरचं सोयाबीन पिवळं पडत राहिलं. मी दर वर्षी पिशवी तपासायचो, दर वर्षी आकडा झकास यायचा, आणि मी कधी बियाण्याला, कधी पावसाला दोष द्यायचो.

शेवटी एकदा स्वतःच गेलो. रानात पाय ठेवला आणि समजलं. माती कशी, तर राखेसारखी. "नमुना कुठनं घेतलास?" मी विचारलं. अक्कानं गोठ्यामागच्या कडुलिंबाकडे बोट दाखवलं. तिथं वर्षानुवर्षं म्हशीचं शेण-मूत मुरलेलं, काळीभोर माती. माझं डोकंच फिरलं. सुनेसमोर तिला नको नको ते बोललो. "तीन वर्षं मातीत घातलीस! मला खोटं पाडलंस!" ती खाली मान घालून उभी होती. मग हळूच म्हणाली, "तुझ्या हापिसातले लोक काय म्हनले असते गणू? ह्याची बहीन असल्या रानात नांदती?"

मी चहाही न घेता निघालो. तिच्या घरातून उपाशी निघण्याची ती माझी पहिलीच वेळ.

त्यानंतर तिनं काय नाही केलं! कापसाची पऱ्हाटी जाळणं बंद केलं, सोयाबीनचं भुसकट रानातच पसरलं, ताग पेरून फुलावर आला की खत म्हणून मातीत गाडला. उकिरड्यातलं खत सुनेबरोबर टोपल्यांनी वर वाहिलं. आणि मला फोन करायची. "गणू, आज गांडूळ निघालं रे मातीत! बघायला ये की." मी म्हणायचो, येतो पुढच्या आठवड्यात. राग केव्हाच गेला होता, खरं सांगायचं तर लाज वाटत होती. चूक माझीही होती ना. नमुना कुठला, हे विचारणं माझं काम, आणि मी आकडा पाहून नाचत बसलो. असे किती आठवडे गेले... "कामात हायेस का? असू दे, माती कुठं पळून चालली," ती म्हणायची.

तेराव्याला सुनीतानं एक पिशवी हातात दिली. "मामा, आत्याबाईनं तुमच्यासाठी काढून ठेवली होती. आठ ठिकाणी खड्डे घेऊन, तुम्ही फोनवर सांगितलं होतं तशी. लिंबाकडं गेल्याच न्हाईत. मला म्हनल्या, सगळ्यात वाईट जागेची पन घे."

मागच्या आठवड्यात ती माती मी स्वतः तपासली. कर्ब कमीच आहे. आधीपेक्षा वाढला का? सांगता येत नाही. आधीचा खरा आकडा आमच्याकडे नाहीच. अहवालावर 'कमी' असं लिहिताना मला रडू आवरेना. उभ्या आयुष्यात अक्कानं पहिल्यांदाच आपलं उणं माझ्या हातात दिलं, आणि ते घ्यायला मी वेळेवर गेलो नाही.

तपासून उरलेली माती टाकून द्यायची असते. ती पिशवी माझ्या टेबलाच्या खणात आहे. शिपाई दोनदा न्यायला आला. राहू दे म्हटलं.