लहान पडणारी मूठ

रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत काम करणारे ते गृहस्थ मला दर शनिवारी नेमबाजीच्या क्लबात भेटायचे. नेम कमी धरायचे, पिस्तुलाची दुरुस्तीच जास्त करायचे. सिंगापुरात साधं एअर पिस्तूलही घरी नेता येत नाही, म्हणून क्लबातल्याच टेबलावर रुमाल पसरून बसायचे. कंपनीचा प्लास्टिकचा ट्रिगर काढून त्यांनी पोलादी बसवला. मग स्प्रिंग बदलली, मग स्क्रूसुद्धा. "कंपनीवाले काय हो, शोभेपुरतं देतात," हे त्यांचं पालुपद ऐकून ऐकून मला कंटाळा यायचा.

एवढं सगळं भक्कम केलं, पण लाकडी मूठ मात्र जुनीच. घामाने काळी पडलेली, आणि त्यांच्या पंजाला इतकी लहान की करंगळी बाहेरच राहायची. शेवटी न राहवून मी म्हणालो, "अहो, आता मूठ तेवढी बदला की!"

त्यांनी रुमालाच्या टोकाने मूठ पुसली.

"मुलीच्या हाताच्या मापाने घासून दिली होती मी. शाळेत होती तेव्हा. आता मेलबर्नला शिकते. फोनवर अजून सिंगापुरी थाटातच म्हणते, 'जस्ट सेल इट लाह, बाबा.' पण ती परत येईल तेव्हा हे चालायला नको का?"

मी रुमालावरचे सुटे स्क्रू गोळा करू लागलो.

"जाताना तिने खोली अगदी रिकामी केली हो," ते म्हणाले. "हे एवढं कायद्यामुळे इथे राहिलं."