तळ्यावरचा बर्फ वितळेपर्यंत

मी कॅनडात मासे धरायला जाणार हे सोलापुरात, आमच्या नव्या पेठेत कळलं तेव्हा शेजारचा साडीवाला हसून हसून गादीवर आडवा झाला. "अक्का, तुम्ही? केकमध्ये अंडं आहे म्हटलं तर दुकानाच्या पायरीवर जाऊन उभ्या राहता की!" त्याचं काही चुकलं नव्हतं. आम्ही लिंगायत. आमच्या घरात मासा आला तो फक्त पोरांच्या अंकलिपीतून, आणि आमची आई, अव्वा, तेही पान पटकन उलटून टाकायची.

बेत माझ्या थोरल्या भावाचा. अण्णा तरुणपणीच तिकडे गेला, इंजिनिअर झाला, निवृत्तही झाला. वहिनी गेल्यापासून एका तळ्याकाठी लाकडी घर घेऊन एकटाच राहतो. दरवर्षी मला बोलावतो आणि दरवर्षी मी टाळते. कधी लग्नसराई, कधी गुडघा. आमचे वडील, आप्पा, गेल्यापासून चादरींचं दुकान मीच बघते, त्यामुळे कारणांना तोटा नसतो. पण या वर्षी तो हट्टालाच पेटला. "मेच्या शेवटी ये, तंगी. बर्फ गेला की वॉलआयचा हंगाम उघडतो." तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. साठी उलटलेल्या बाईला तंगी म्हणणारं आता जगात दुसरं कुणी उरलेलं नाही. विरघळले मी.

वॉलआय हा तिकडचा मासा. अण्णानं फोटो पाठवला आणि मी चहाचा कप खाली ठेवला. डोळे दुधाळ, मोतीबिंदू झालेल्या म्हाताऱ्याचे असतात तसे. पण अण्णा म्हणाला, अंधुक उजेडात सगळ्यात जास्त त्यालाच दिसतं. खोल पाण्यात असतो, दिवस मावळला की वर येतो, आणि बॅटरी मारली की डोळे पेटतात.

"खातोस की काय?" मी विचारलं.

"छे गं. धरायचा, बघायचा, सोडून द्यायचा."

"मग धरायचा कशाला? पत्ता विचारायचाय त्याला?"

तो हसला नाही. आधीचा अण्णा हसला असता.

बेत आखायला तो पहाटे फोन करायचा. म्हणजे आमची पहाट, त्याची संध्याकाळ. मी गच्चीत चहा घेऊन बसलेली, पूर्वेला तांबडं फुटत असलेलं. फोनमध्ये त्याच्या मागे पांढरं गोठलेलं तळं आणि तसलंच तांबडं मावळत असलेलं. उजेड दोन्हीकडे सारखाच, पण माझ्याकडे तो वाढत जायचा आणि त्याच्याकडे विझत जायचा. बोलता बोलता त्याचा चेहरा काळा पडायचा आणि शेवटी नुसता आवाज राहायचा. मला ते आवडायचं नाही.

"घरात बसून बोल की."

"इथंच बरं वाटतं."

इथं म्हणजे तळ्याच्या मधोमध, बर्फावर. तिथं त्यानं एक काठी रोवली होती आणि तिला लाल फडकं बांधलं होतं. प्रत्येक वेळी तो त्या काठीजवळच उभा असायचा. इतकं मोठं तळं, पण हा एका हाताच्या जागेला चिकटलेला. मी विचारलं तर म्हणाला, "मासे इथंच असतात." मासा काय बँकेत आहे, रोज त्याच काउंटरला बसायला? पण मला मासेमारीतलं काय कळतंय, म्हणून गप्प बसले.

तयारी मात्र जोरात चालली होती. डासांची जाळी असलेली टोपी त्यानं घेऊन ठेवली. व्हिसाच्या कागदांचं मी इकडे बघत होते. एकदा त्यानं घरातला खिळा दाखवला, त्यावर एक नारिंगी लाइफ जॅकेट लटकत होतं. "तुझ्यासाठी. होडीत बसताना घालायचं."

"आणि तुझं?"

"मला काय करायचंय?"

पट्टीचा पोहणारा आहे, म्हणून मी सोडून दिलं. पण त्या दिवशी फोन ठेवताना एक गोष्ट घडली आणि माझा चहा गार झाला. आमच्यात निरोप घेताना 'शरणार्थ' म्हणतात. म्हणताना हात आपसूक छातीवर जातो, कारण तिथं चांदीच्या डबीत लिंग असतं. बाळ असताना गळ्यात बांधतात, ते मरेपर्यंत अंगावरून उतरत नाही. सकाळी तळहातावर घेऊन त्याची पूजा केल्याशिवाय आम्ही पाणीही पीत नाही. आणि मेल्यावर आम्हाला बसवून पुरतात तेव्हा ते डाव्या तळहातात ठेवतात. अण्णाचा हात 'शरणार्थ' म्हणताना वर आला आणि छातीपासून वीतभर अलीकडेच थांबला. मग आठवलं, कितीतरी दिवस तो तसाच थांबत होता.

दुसऱ्या दिवशी मी नमस्कार-चमत्कार काही केला नाही. "अण्णा, गळ्याचं बटण काढ बघू."

त्यानं आधी हातमोजा काढला. मग त्यानं बटण काढलं. दोरा नव्हता. डबी नव्हती. छातीची हाडं तेवढी दिसत होती.

गेल्या दिवाळीच्या सुमाराला, बर्फ पडायच्या आधी, तो संध्याकाळी होडीत एकटा होता. गळाला मोठा वॉलआय लागला. जाळीत घ्यायला वाकला, गळ्यातला दोरा तुटला आणि डबी पाण्यात गेली. मासाही सुटला. "पण लगेच गेला नाही, तंगी. डबी खाली जाताना तो तिच्याबरोबर खाली गेला. डोळे चमकत होते तोवर मला दिसत होतं." मग तळं गोठलं. ती जागा चुकू नये म्हणून त्यानं बर्फात काठी रोवली, आणि सबंध हिवाळा तिथं जाऊन उभा राहिला.

आमची अव्वा लहानपणी सांगायची, तिच्या माहेरी एकाचं लिंग विहिरीत पडलं. तो अन्नपाणी सोडून काठावर बसला आणि तिसऱ्या दिवशी मागोमाग उतरला, तो वर आलाच नाही. लिंग जिथं जातं तिथं माणूस जातो, म्हणायची. आम्ही पोरं घाबरून गळ्यातली डबी घट्ट धरायचो. मोठेपणी मला कळलं की लिंग हरवलं तर स्वामी नवीन दीक्षा देतात, त्यात आभाळ कोसळायचं काही नाही. पण लहानपणी घेतलेली भीती कुठं जाते? अण्णाच्या मनात ती जशीच्या तशी होती.

"बर्फ गेला की मी उतरून बघणार," तो म्हणाला. "चार पुरुष खोल आहे."

"त्या पाण्यात माणूस किती टिकतो?"

"फार नाही."

"मग मला कशाला बोलावतोस रे मेल्या?"

"होडी कुणीतरी धरायला पाहिजे की," तो अगदी साधेपणानं म्हणाला. "मागे आपलं कुणी असलेलं बरं."

म्हणजे वॉलआय नाही, हंगाम नाही, काही नाही. भाऊ बुडताना होडी धरायला मी व्हिसा काढत होते! मला रडू आलं नाही, संताप आला. तोंडाला येईल ते बोलले. तो सगळं ऐकून घेत होता, आणि ऐकता ऐकता काळा पडत चालला होता. शेवटी अंधारातून म्हणाला, "ये मात्र नक्की."

कुणाला सांगू? अण्णाची लेक, माझी भाची, ऐकून घाबरली असती, आणि घाबरून तिनं बापाला घरात कोंडलं असतं, तर तो खिडकीतून गेला असता. शेवटी मी वळसंगला, आमच्या गावी गेले, आप्पांकडे. आमच्या शेतात आप्पांना पुरलंय, वर काळ्या दगडाचा चौथरा आहे. एप्रिलचं ऊन असं होतं की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. मी चौथऱ्यावर डोकं टेकवायला हात ठेवला आणि झटका बसल्यासारखा मागे घेतला. भाजला म्हणून नाही. दगड गार होता. रांजणाच्या बुडासारखा गार, आणि ओला.

शेत बघणारा चुलतभाऊ मागेच उभा होता. "पाणी कुणी ओतलं रे?"

"कुणी वतंल अक्का? प्यायला न्हाय हितं पाणी." तो दगडाकडे न बघता बोलत होता. "दिवाळीपासनं असंच हाय. आमी सांजच्याला हिकडं येत न्हाय आता."

मी तिथं बसले नाही. बसायचं धैर्य झालं नाही. पण परतीच्या एसटीत मला एक खोटं सुचलं, आणि ते इतकं पक्कं बसलं की मी स्वतःवरच खूश झाले. आप्पांची आणि अण्णाची डबी एकाच सोनाराकडची, एकासारखी एक. आप्पा गेले तेव्हा अण्णा योगायोगानं सुट्टीवर आलेला होता. थोरला मुलगा म्हणून खड्ड्यात उतरून आप्पांच्या हातात लिंग त्यानंच ठेवलं. ठरलं तर मग. त्याला सांगायचं, त्या गडबडीत डब्या बदलल्या. तुझं लिंग तळ्यात नाहीच, वळसंगला आहे. मग पाण्यात उतरायला कारणच उरत नाही.

पहाटे फोन आला. बर्फ काळा पडला होता, त्यावर जाणं आता शक्य नव्हतं. अण्णा काठावर बसला होता आणि लाल फडकं लांब आत तिरकं झालं होतं. मी चेहरा जमेल तितका गंभीर केला आणि माझं खोटं सांगून टाकलं. डब्या बदलल्या होत्या, अव्वाला माहीत होतं, तुला वाईट वाटेल म्हणून बोलली नाही.

अण्णाचा श्वास फोनमधून ऐकू आला. "अव्वाला कसं कळलं?"

"काय?"

"मी कुणालाच सांगितलं नव्हतं. खड्ड्यात मी एकटाच होतो." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "आप्पा एकटे चालले होते, म्हणून माझं त्यांच्या हातात दिलं. त्यांचं मी घेतलं. मलाही दुसऱ्या दिवशी एकट्यालाच परत इकडे यायचं होतं की."

गच्चीत ऊन आलं होतं तरी माझे हात गार पडले. मी रचलेलं खोटं माझ्या आधीच कुणीतरी खरं करून ठेवलेलं होतं.

"इतकी वर्षं आप्पांना छातीवर घेऊन फिरलो, तंगी. आणि एका माशासाठी वाकलो." त्याचा आवाज फाटला. "त्यांना तिथं कसं सोडू? त्यांना थंडी सोसत नाही, तुला माहीत आहे."

माहीत होतं. आमच्या सोलापूरला थंडी ती काय, पण दिवाळी आली की आप्पा दुकानातली सगळ्यात जाड चादर पांघरून गल्ल्यावर बसायचे. गिऱ्हाईक तीच चादर मागायचं, आणि आप्पा ती द्यायचे नाहीत. दिवाळीपासनं असंच हाय, चुलतभाऊ म्हणाला होता. दगडाचं मी अण्णाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं तो फोन बाजूला ठेवला असता आणि तसाच पाण्यात चालत गेला असता.

काय बोलायचं ते मी ठरवलं नव्हतं. बोलले ते असं: "म्हणजे तुझं लिंग आप्पांच्या हातात आहे."

"हो."

"डाव्या तळहातात. तूच ठेवलंस. बोटंही तूच मिटलीस ना?"

"हो."

"मग त्यांनी तुला धरून ठेवलंय की रे, गाढवा. इतकी वर्षं एकदाही सोडलं नाही. तुझ्या हातून ते सुटले, त्यांच्या हातून तू अजून सुटलेला नाहीस. आता तू पाण्यात गेलास तर त्यांच्या मुठीत काय राहील?"

अण्णा रडला. सत्तरीचा माणूस काठावर बसून लहान पोरासारखा रडला, आणि मी इकडे चहाच्या कपाला धरून रडले. मग मी नाक पुसलं. "दुसरं जॅकेट घे. नाहीतर मी येत नाही."

"घेतो."

"उद्या नाही. आत्ता. फोन बंद करू नकोस."

तो उठला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा फोन फिरला, तळं मागे गेलं आणि मला त्याची गाडी दिसली, रस्ता दिसला. मागे काही दिसलं का, असं मला कुणी विचारू नये. मी त्याला एवढंच म्हटलं, "वळून बघू नको." त्यानं का म्हणून विचारलं नाही.

आता खिळ्याला दोन नारिंगी जॅकेटं आहेत. येताना तो माझ्याबरोबर सोलापूरला येणार आहे. दीक्षेसाठी मी स्वामींशी बोलून ठेवलंय. वळसंगचा दगड मात्र अजून गारच आहे. मी दर सोमवारी चुलतभावाला फोन करून विचारते, आणि त्याला दिवसाउजेडी जाऊन हात लावायला लावते.

काल मी बॅग भरत असताना अण्णानं स्क्रीनवरून पाहिलं. "ती चादर कशाला वागवतेस? इथं रजया आहेत की ढीगभर."

"तुझ्यासाठी नाही," मी म्हटलं. "त्या जागी गेलो की होडीतून सोडायची."

त्याच्या मागचा उजेड जात चालला होता, बर्फ सगळा गेला होता, काठीही कुठं दिसत नव्हती. नुसतं पाणी.

"जाड बघून आण," अण्णा म्हणाला.